वाड्यातली विहीर आणि बंद पडलेली बोरिंग: बुजवायची कशी?

रामबागची_सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न विहिरीचा आहे. जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर इंदूरला रामबागेत. आजेसासऱ्यांचा वाडा, वाटण्या होऊन मागचा भाग आमच्याकडे आला. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, एक पेरूचं झाड आणि विहीर. बारा फूट रुंद, पंचेचाळीस फूट खोल. हे कागदावरचं माप नाही, मी स्वतः सुतळीला वरवंटा बांधून मोजलंय. वरचे वीसेक फूट घडीव दगडाचं बांधकाम, खाली नुसता काळा पाषाण. मी १९८९ साली लग्न होऊन आले तेव्हा रहाट होता. इंदुरात नर्मदेचं नळाचं पाणी १९७८ मध्येच आलं होतं, पण सासूबाई सोवळ्याचं पाणी विहिरीतूनच काढायच्या. "नर्मदामाई पवित्र खरी, पण नदीकाठच्या जलूदहून इथवर कुठल्या कुठल्या पाइपातून येते कोण जाणे," असं त्यांचं म्हणणं. त्या गेल्यावर रहाट गेला, मग निम्मा कठडा पडला, मग वर पत्रा आला. पत्र्यावर आता मांजर झोपते.

दुसरी भानगड बोरिंगची. १९९६ साली अंगणात केली, साडेसहा इंची, दोनशे दहा फूट. काही वर्षांनी पाणी आटलं, मोटर काढायला गेलो तर ती आतच अडकली. यजमानांनी तोंडावर शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर मोगऱ्याची कुंडी. झाली बोरिंग बंद!

गेल्या पावसाळ्यापासून शेजारच्या भाऊंच्या बोरिंगला वास येऊ लागला. त्यांनी ती तपासणीची बाटली आणली, पाणी भरून ठेवलं की दूषित असल्यास काळं पडतं ती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली दोन बोटांत धरून आमच्या दारात: "वहिनी, हे बघा." काळंकुट्ट. मी चहा दिला, पण त्यांच्याकडे बघवेना. कारण आमच्या विहिरीपासून नऊ फुटांवर ड्रेनेजचं चेंबर आहे, ते तडकलेलं आहे, आणि हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं.

आता मागचा भाग पाडून नवं बांधायचं चाललंय. ठेकेदार म्हणतो, "पाडकामाचा मलबा कुठे वाहून नेता, विहिरीतच टाकू, वर स्लॅब घालू, गाडी उभी राहील." स्लॅबचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०२३ च्या रामनवमीला स्नेहनगरच्या मंदिरात जुन्या बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली, ते इंदूरकर कसं विसरणार? आणि आमच्या आत्याबाई, वय चौऱ्याऐंशी, म्हणतात विहीर बुजवणं हेच मुळात पाप. बुजवायचीच असेल तर पूजा करा आणि तळापासून वरपर्यंत एक पाइप उभा ठेवा, विहिरीला श्वास घ्यायला.

तर विहीर आणि बोरिंग नेमकी कशी बंद करायची, की खालचं पाणी आणखी नासणार नाही? आणि पाइपाचं काय करू?

मुरूम_ते_पाषाण:

ताई, तीस-पस्तीस वर्षं मी माळव्यात हेच केलं, बोरिंगच्या जागा दाखवणं आणि बिघडलेलं पाणी कुठून बिघडलं ते शोधणं. आता सुदामानगरला घरी असतो, सवडीने लिहितो.

आधी ठेकेदाराला नाही म्हणा. आजच म्हणा.

आपल्या पायाखाली काय आहे ते बघा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुजका दगड, मग काळा पाषाण. हा पाषाण एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लाल मातीची पट्टी लागते. बोरिंगच्या गाडीतून अचानक विटकरी रंगाचा चिखल येऊ लागतो ना, तीच. या पट्टीतून पाणी सहजी खाली उतरत नाही. म्हणजे वरच्या मुरुमातलं पाणी वेगळं आणि खालच्या भेगांमधलं वेगळं, असा निसर्गाने बंदोबस्त केलेला असतो. वस्तीतलं वरचं पाणी गटारांमुळे कधीच नासलेलं आहे. मातीतून गाळत गाळत, सावकाश खाली जाताना त्यातली घाण बरीच कमी होते. तुमची बोरिंग हा सगळा बंदोबस्त मोडून सरळ दोनशे दहा फूट खाली गेलेली आहे. केसिंग पाइप, म्हणजे भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत बसवतात तो, आपल्याकडे दगड लागेपर्यंतच घालतात, वीस-तीस-चाळीस फूट. त्याखाली उघडं भोक. वरचा जुना पाइप गंजला की बाहेरचं पाणी आत झिरपतं आणि थेट तळ गाठतं. भाऊंची बोरिंग त्याच भेगेवर असेल तर त्यांच्या घरी पोचायला त्याला फार वेळ लागत नाही.

म्हणून विहीर दिसायला मोठी असली तरी जास्त काळजी त्या कुंडीखालच्या भोकाची करा. हिशेबच करू. विहीर भरायला पाच हजार घनफुटांच्या वर माल लागेल, शंभर घनफुटांची ट्रॉली धरली तर पन्नास-एकावन्न ट्रॉल्या. आणि बोरिंग? पन्नास घनफूटसुद्धा नाही. अर्धी ट्रॉली. अर्ध्या ट्रॉलीच्या आळसापायी अख्ख्या गल्लीचं पाणी जातं.

मलबा का नको ते सांगतो. त्यात चुना, रंग, प्लास्टर, प्लायवूड, कधी ॲस्बेस्टॉसचे पत्रे. शिवाय तुकडे एकमेकांवर आडवेतिडवे बसतात, मध्ये पोकळ्या राहतात, पाणी त्यातून धबधब्यासारखं उतरतं. आणि जमीन वर्षानुवर्षं खचत राहते. वर स्लॅब असला तर खालची पोकळी कोणाला दिसतही नाही.

विहिरीचं काम एप्रिल-मेमध्ये काढा, पाणी सर्वांत खाली असतं तेव्हा. चेंबर त्याआधी दुरुस्त करा, नाहीतर सगळं फुकट. मग उपसा, गाळ काढणं. तळाला झरे चालू असतील आणि दहा-अकरा फूट पाणी परत साचलं तर ते साधारण पस्तीस हजार लिटर होतं. रोज वापरायच्या विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकतात; कायमची बंद करताना मात्रा कितीतरी जास्त, हजार लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. तुम्हाला पाच किलोवर लागेल, ताजी, सीलबंद पिशवीतली. उघडून ठेवलेल्या पावडरीत दम राहत नाही.

मग भरणं. पाण्याच्या पातळीपर्यंत धुतलेली गिट्टी आणि वाळू, म्हणजे खालच्या झऱ्यांची वाट अडत नाही. पातळीच्या वर मुरूम आणि चिकण माती, एकेक फुटाचा थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकून. वरचे चार फूट राहिले की थांबा आणि तिथलं दगडी बांधकाम काढून टाका. हे सगळे चुकवतात. बांधकाम तसंच ठेवलं तर दगड आणि माती यांच्यातल्या फटीतून पाणी उतरत राहतं. बांधकाम काढून तेवढ्या रुंद जागेत चिकण मातीचं झाकण ठोका आणि वर उंचवटा ठेवा, पाणी बाहेर वाहून जाईल असा. नुसती काळी माती वर घालू नका. चिकट दिसते म्हणून लोक घालतात, आणि वैशाखात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

त्या जागेवर एक पावसाळा काही बांधू नका. कॉलम तर कधीच नको.

आणि एक. गाळ काढायला माणूस आत उतरवण्याआधी दहा वेळा विचार करा. २०२५ च्या एप्रिलात खंडव्याजवळ कोंडावत गावात गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेले आठ जण विषारी वायूने गेले. एक पडला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली असं नव्हे. प्राणवायू पुरेसा असला तरी विषारी वायू असू शकतो. शक्यतो वरूनच, यंत्राने काढा.

विजयनगर_४५२०१०:

काका, सगळं मान्य, पण विहीर बुजवायचीच कशाला? इंदुरात पावसाचं पाणी सुमारे ९५० मिमी पडतं. हजार चौरस फूट गच्ची असली तर वर्षाला साठ-सत्तर हजार लिटर सहज विहिरीत सोडता येईल. उन्हाळ्यात टँकरसाठी रांगा लावायच्या आणि आयती विहीर गाडायची, हा काय न्याय?

मुरूम_ते_पाषाण:

राग बरोबर आहे, मीही कित्येकांना हेच सांगतो. पण गच्चीचं पाणी स्वच्छ विहिरीत जायला हवं, पहिल्या पावसाचं सोडून देऊन, गाळणीतून, आणि आसपास पंधरा मीटरमध्ये संडासाची टाकी किंवा शोषखड्डा नको. ताईंकडे चेंबर नऊ फुटांवर आहे. बारा फुटी तोंडाच्या विहिरीला रामबागेतल्या वाड्यात पंधरा मीटर मोकळं कुठून आणायचं? एरवी कठडा बांधून, जाळी टाकून, रोज कोणी पाणी काढणार असेल तर मी स्वतः म्हटलं असतं, ठेवा. पत्र्यावर मांजर झोपतेय म्हणजे तीन-चार वर्षं कोणी आत डोकावलेलं नाही.

गड्डा_गाडीवाला:

ताई, माझं बोरिंगचं काम आहे, आजोबा सांगलीचे, मी पक्का इंदुरी, मराठी अशीच आहे, हसू नका.

मोटर अडकली ती बहुतेक केबल आणि गाळ यामुळे. कप्पी लावून एकदम झटका देऊ नका, पाइप तुटला की मग वांधे. आधी पाइपाच्या बाजूने हवा किंवा पाणी मारून गाळ मोकळा करायचा, मग हळूहळू. दोन दिवस लागू द्या. मोटर आली की दोरीने खोली परत मोजा. दोनशे दहा होती आणि एकशे चाळीसलाच दोरी थांबली तर मध्ये दरड बसलीय, ती फोडल्याशिवाय भरू नका, नाहीतर खाली पोकळ राहील.

भरायला मी काय करतो: खाली धुतलेली बारीक गिट्टी, घमेल्याने थोडी थोडी. एकदम ओतली तर मध्येच पूल बनतो आणि तुम्हाला वाटतं भरली. गिट्टी टाकायची, दोरी सोडून मोजायचं, परत टाकायची. लाल पट्टी जिथे होती तिथे सिमेंट. पट्टी किती फुटांवर लागली होती ते जुन्या ठेकेदाराच्या वहीत असेल, नाहीतर शेजारच्या बोरिंगवाल्याला विचारा. वरचे तीस फूट नुसतं सिमेंट, वाळू नाही, एका गोणीला पंचवीस लिटर पाणी. साडेसहा इंचीला पाचेक गोण्या. आणि हे वरून बादलीने ओतायचं नाही! एक इंची पाइप तळापर्यंत सोडायचा, त्यातून सिमेंट खालून वर चढू द्यायचं, पाइप हळूहळू उचलत. वरून ओतलं तर पाण्यात सिमेंट फाटतं. केसिंग जमिनीखाली तीन फुटांवर कापून वर माती.

केसिंगच्या बाहेरची फट विसरू नका. ९६ साली ती कोणीच भरत नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. मी तिथे फूट-दीड फूट रुंद खणून तेच सिमेंट आत जाऊ देतो, जाईल तेवढं.

दुपारची_डुलकी:

बंद केलेल्या बोरिंगसाठी कागदपत्र काही लागतं का? आमच्याकडेही एक आहे, राजेंद्रनगरला.

मुरूम_ते_पाषाण:

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले आहेत, लहान मुलं उघड्या बोरिंगांत पडतात म्हणून. त्यात सोडून दिलेली बोरिंग तळापासून जमिनीपर्यंत भरायलाच सांगितलं आहे. मध्यप्रदेशात तर २०२४ मध्ये याचा वेगळा कायदाही झाला. मुलाच्या जिवासाठी भरा किंवा पाण्यासाठी, भोक तेच. निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या, कामाचे फोटो काढा, जागा नकाशावर मारून घराच्या कागदांत ठेवा. वीस वर्षांनी घर विकताना घेणाऱ्याला कळायला हवं की इथे पाया घालायचा नाही.

लष्करची_आजी:

मी ग्वाल्हेरची. ताई, आमच्या लष्कर भागातल्या वाड्यात १९८० च्या आसपास विहीर बुजवली तेव्हा श्वासाचा लोखंडी पाइप ठेवला होता. सहा इंची. पोरं त्यात खडे टाकून आवाज ऐकायची. नंतर कोणीतरी अंगण धुतलेलं पाणीही त्यातच ढकलू लागलं, कारण मोरी लांब पडायची. आत्याबाईंना दुखवू नका, पण तो पाइप पाण्यापर्यंत जाऊ देऊ नका. आम्ही श्वासासाठी ठेवला, आणि त्याची झाली मोरी.

रामबागची_सून:

मंडळी, मार्चमध्ये प्रश्न टाकला होता, आता दिवाळी तोंडावर आली. उत्तर द्यायचं राहिलंच होतं.

चेंबर आधी केलं. फोडल्यावर दिसलं की त्याला तळच नव्हता, नुसत्या विटा मातीवर बसवलेल्या. म्हणजे दोन वर्षांची तडक वगैरे काही नाही, बांधल्या दिवसापासून ते विहिरीतच उतरत होतं. सासूबाईंचं सोवळ्याचं पाणी! हे मी आत्याबाईंना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

विहिरीचा उपसा मेच्या पहिल्या आठवड्यात. माणूस उतरवला नाही, क्रेनला बकेट लावून गाळ काढला. गाळात तीन गळ निघाले (पोहरा पडला की काढायला गळ टाकायचे आणि गळच पडायचे), दोन पितळी पोहरे, गणपतीच्या मातीच्या पाटाचा तुकडा, रंगाचे चार डबे आणि स्कूटरची एक बॅटरी. बॅटरी बघून मुरूमकाका, मला तुमची आठवण आली. शिसं आणि तेजाब, किती वर्षं पाण्यात बसलं असेल देव जाणे. घरात सगळ्यांना विचारलं, कोणाचीच नाही. आमच्याकडे १९८५ पासून स्कूटर फक्त धाकट्या दीरांकडे होती. ते म्हणाले, उडत आली असेल.

ट्रॉल्या एकावन्न नाही, अठ्ठेचाळीस लागल्या. मी पेरूखाली खुर्ची टाकून वहीत रेघा मारत बसले होते. एका ट्रॉलीत मुरुमाखाली मलबा लपवून आणला होता, ती परत पाठवली. ठेकेदार चिडला. त्याला म्हटलं, "भिया, वरवंट्याने विहीर मोजणारी बाई आहे मी, ट्रॉली काय सोडणार आहे?" धुम्मस ठोकायला मात्र माणसं कंटाळली. खालचे थर नीट झाले, वरच्या दोन-तीन थरांना मीच ओरडून ओरडून थकले. पावसाळ्यात मधोमध चार बोटं खचलं, परत माती घातली. गाडी तिथे उभी करत नाही.

बोरिंग गड्डादादांनी सांगितली तशीच, त्यांच्याच ओळखीच्या माणसाने केली. मोटर तिसऱ्या दिवशी आली, अंगाला लाल चिखल फासलेली. दोरी एकशे नव्वदलाच थांबली होती, वीस फूट दरड. पाचऐवजी सात गोण्या सिमेंट गेलं, दोन कुठे गेल्या विचारलं तर म्हणाला, "भेगेत गेल्या, जायलाच पाहिजेत."

पाइपाचं असं केलं. चिकण मातीचं झाकण पूर्ण ठोकून झाल्यावर त्याच्या वर तुळशीवृंदावन बांधलं, आणि वृंदावनात दीड फुटाचा पितळी नळकांडा उभा बसवला. खाली तो फक्त वृंदावनातल्या मातीपर्यंत जातो. आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नळकांड्याला कान लावून बघितला आणि म्हणाल्या, "येतोय आवाज." मी काही बोलले नाही.

आता भाऊंचं पाणी. सप्टेंबरात त्यांनी परत बाटली भरली. काळी पडलीच, पण या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पांढरी होती, रात्री उशिरा पडली. मग प्रयोगशाळेतही दिलं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वरच आहे, जंतूही आहेत. सध्या ते त्या पाण्याने फक्त अंगण धुतात, पिण्याला नर्मदा, एक दिवसाआड येते ती. मला जरा वाईट वाटलं, एवढं सगळं करून! मुरूमकाकांना फोनवर विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, की भाऊंचा स्वतःचा शोषखड्डा त्यांच्या बोरिंगपासून किती अंतरावर आहे. मी तसंच्या तसं भाऊंना जाऊन विचारलं. ते मोजायला माझ्याकडूनच टेप घेऊन गेलेत. आज बारा दिवस झाले, टेपही परत आलेली नाही आणि आकडाही.